आवाजाची तारीख

चेक देशातल्या ब्रनो शहराच्या उत्तर टोकाला काचेच्या भिंतींचं एक ऑफिस आहे. तिथे रादोवान शिमचिक सतरा वर्षं एकच काम करत आला. बाकीचे लोक प्रोग्रॅम लिहायचे, हा त्यातलं काढून टाकायचा. बाहेरून प्रोग्रॅमचं गाठोडं आलं की ते सोडायचं, नको त्या फायली वेचून बाजूला करायच्या, उरलेलं पुन्हा बांधायचं आणि पुढे धाडायचं. बायका मसूर निवडतात तसंच. फक्त रादोवान खडे ठेवतो आणि मसूर फेकतो, असं त्याच्या शेजारच्या टेबलावरचा ओतकार म्हणायचा, आणि त्यात अगदीच खोटं काही नव्हतं.

त्याचं कारण असं. गाणं काय किंवा व्हिडिओ काय, कॉम्प्युटरवर ठेवायचा तर तो दाबून, घड्या घालून ठेवावा लागतो आणि ऐकताना-बघताना त्या घड्या उलगडाव्या लागतात. उलगडायची कृती ज्यांनी शोधली ते तिचं पेटंट घेऊन बसलेले असतात. दुकानातून कॉम्प्युटर विकत आणला तर त्याची फी किमतीतच धरलेली असते, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. पण रादोवानची कंपनी कॉम्प्युटर चालवणारी जी प्रणाली बनवायची, ती फुकट वाटायची. कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी, दर सहा महिन्यांनी नवी घ्यावी. प्रती किती झाल्या हे देवाला ठाऊक. मग दर प्रतीमागे फी मोजणार कोण आणि भरणार कोण? म्हणून समुद्रापलीकडे बसलेल्या कंपनीच्या वकिलांनी ठरवून टाकलं होतं, की पेटंट जिवंत आहे तोवर ती कृती आपल्या गाठोड्यात नको. आणि ती कुठे मिळते हेही सांगायचं नाही. बोट दाखवणाऱ्यालाही उद्या कोर्टात खेचतील.

आता, ती कुठे मिळते हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. इंटरनेटवर विचारलं की पहिल्या ओळीत उत्तर. तीन आज्ञा टंकायच्या, पाच मिनिटांत काम फत्ते. नवी आवृत्ती आली की ओतकार स्वतःच्या घरी पहिलं काम तेच करायचा. ते वकीलही करत असतील. एक रादोवान तेवढा करत नव्हता.

लोकांच्या तक्रारींना उत्तरं देणंही त्याच्याकडेच होतं. कुणाच्या लग्नाची फीत चालत नाही, कुणाच्या शाळेतल्या नाटकाला आवाज नाही. रादोवान प्रत्येकाला एकच वाक्य लिहायचा: हा भाग आम्ही देऊ शकत नाही, आणि तो कुठे मिळेल हेही सांगू शकत नाही. लोक उलट शिव्या घालायचे, त्याही तो शांतपणे वाचायचा.

‘‘अरे, निदान डोळा तरी मार त्यांना,’’ ओतकार एकदा म्हणाला.

‘‘लिहून डोळा कसा मारतात?’’

‘‘चिन्ह असतं की त्याचं.’’

‘‘मग ते चिन्हसुद्धा बोट दाखवण्यातच धरतील,’’ रादोवान म्हणाला. ओतकारने हात जोडले आणि कॉफी आणायला गेला.

त्याच्या टेबलाशेजारी भिंतीवर एक कागद टाचणीने लावलेला होता. त्यावर सात तारखा होत्या, सात पेटंटं मरायच्या. एक मेलं की रादोवान त्याच्या तारखेवर पट्टी धरून रेघ मारायचा, काढलेली फाईल परत गाठोड्यात ठेवायचा, आणि सगळ्यांना कोलाच, म्हणजे अलुबुखार भरलेले गोड पाव, वाटायचा. ऑफिसात त्याला मयताचं जेवण म्हणायचे. सतरा वर्षांत अशी चार मयतं झाली होती.

खाण तशी माती म्हणतात ते उगीच नाही. रादोवानचा बाप वेंडेलिन शिमचिक पोलानका गावाच्या स्टेशनावर अडतीस वर्षं सिग्नलवाला होता. दिवसाला चार गाड्यांची लाइन. पण लाल म्हणजे लाल. एका रविवारी दुपारी बायकोबरोबर चर्चहून परतताना फाटक बंद मिळालं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही गाडी नव्हती, हे सबंध गावात सगळ्यांत चांगलं वेंडेलिनलाच ठाऊक होतं, कारण वेळापत्रक त्याच्याच खिशात होतं. बदलीचा माणूस फाटक लावून जेवायला निघून गेला होता. वेंडेलिन उभा राहिला. त्याची बायको आपोलेना दहा मिनिटं थांबली, मग दांडीखालून वाकून पलीकडे गेली, घरी जाऊन तिने स्वयंपाक उरकला, जेवली, आणि ताटावर रुमाल झाकून नवऱ्याचं जेवण फाटकापाशी घेऊन आली. तो तिथेच होता. त्याने उभ्याउभ्या खाल्लं आणि सूप थोडं अळणी आहे म्हणाला.

‘‘मी नवरा केला असं समजून होते,’’ आपोलेना पुढे चारचौघांत सांगायची, ‘‘तो खांब निघाला.’’

ती बाई गायची छान. वेंडेलिन सिंबाल वाजवायचा. म्हणजे आपल्या संतूरचा थोरला भाऊ, चार पायांवर उभा, दोन काठ्यांनी वाजवायचा. गावच्या जत्रेत पस्तीस वर्षं ही जोडी ठरलेली. तिच्या आवाजाच्या जुन्या कॅसेट तळघरात होत्या, त्या पुरात गेल्या. मग एका शरदातल्या जत्रेत ब्रनोहून आलेल्या रादोवानच्या एका चुलतभावाने तिच्या एका गाण्याची साडेचार मिनिटांची फीत उतरवली. फेब्रुवारीत ती गेली. सकाळी अंगणातलं बर्फ झाडत होती, खराटा भिंतीला टेकवून पायरीवर बसली, ती उठलीच नाही. तिचा आवाज जगात उरला तो त्या साडेचार मिनिटांत.

उन्हाळ्यात रादोवानने बापाला कॉम्प्युटर नेऊन दिला. प्रणाली अर्थात त्याच्या कंपनीचीच, त्याच्या हाताने निवडलेली. फीत सुरू केली. चित्र दिसलं, कारण चित्राच्या पेटंटाची फी एका मोठ्या कंपनीने आपल्या खिशातून भरून ती कृती जगाला वाटली होती. आवाजाची फी कुणी भरलेली नव्हती. आपोलेना पडद्यावर ओढणीची गाठ नीट करून गायला लागली आणि खोलीत चिडीचूप.

‘‘आवाज?’’ वेंडेलिनने विचारलं.

‘‘आवाजावर पेटंट आहे, बाबा.’’

‘‘कुणाचं? हिच्या आवाजावर?’’

‘‘हिच्या नाही. तो ज्या रीतीने घडी घालून ठेवलाय, त्या रीतीवर.’’

‘‘संपतं का ते?’’

‘‘सगळी संपतात. हे पुढच्या वर्षी नोव्हेंबरात.’’ मग रादोवान म्हणाला, ‘‘दुकानातून दुसरं यंत्र आणून देतो तुला. त्यात फी भरलेली असते. त्याच्यावर ऐक.’’

वेंडेलिनने पडद्याकडे पाहिलं, मग पोराकडे.

‘‘तू हे बनवतोस. आणि तुझा बाप दुसऱ्याचं आणून वाजवणार? लोक काय म्हणतील ते सोड, मला स्वतःलाच बरं नाही वाटणार. लाल आहे म्हणतोस ना?’’

‘‘लाल आहे.’’

‘‘मग थांबू की. वर्ष-सव्वा वर्ष म्हणजे काय, एक मालगाडी.’’

रादोवानने आणखी एकदा तोंडदेखलं म्हणून पाहिलं, तेवढंच. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत त्याच्या कामाला इतका मान कुणी दिला नव्हता. पुढे हेच त्याला सगळ्यांत जास्त खुपलं. त्याने तेव्हाच मनाशी ठरवलं, की बापाच्या आधी आपणही ती फीत दुसरीकडे कुठे ऐकायची नाही, आणि तो शब्द पाळलाही.

शेजारी ख्वाताल नावाचा निवृत्त पोस्टमन राहायचा. त्याच्या घरी तीच प्रणाली होती आणि ती तीन आज्ञांनी केव्हाच बोलायला लागली होती.

‘‘पाच मिनिटांचं काम आहे, वेंडेलिन. मी लावून देतो.’’

‘‘चोरवाट आहे ती.’’

‘‘कसली चोरवाट? सगळा गाव तिथूनच जातो. हमरस्ता झालाय तिचा.’’

‘‘माझं पोर तिथे फाटक सांभाळतं,’’ वेंडेलिन म्हणाला. ‘‘त्याच्याच बापाने दांडीखालून वाकून जायचं होय?’’

‘‘बरं, मग माझ्या घरी येऊन ऐक.’’

‘‘तिला पहिल्यांदा ऐकायचं ते तुझ्या बायकोच्या कांद्याच्या वासात? नको.’’

ख्वाताल म्हणाला, दोघं बापलेक एका माळेचे मणी, आणि तो विषय त्याने सोडला.

दर रविवारी जेवणानंतर वेंडेलिन सिंबाल ओढून कॉम्प्युटरसमोर आणायचा आणि फीत लावायचा. आपोलेना मुक्यानेच गायची आणि तो तिच्या ओठांवर नजर ठेवून साथ करायचा. शब्द त्याला पाठ होते, श्वास कुठे घेते तेही पाठ होतं. पहिले काही महिने तो मागे पडायचा, मग जुळत गेलं. अडचण होती ती शेवटाशी. गाणं संपायचं, आपोलेना डावीकडे वळायची, आणि काहीतरी बोलायची. चित्राच्या कडेला सिंबालमागे बसलेला वेंडेलिन स्वतः दिसायचा. तो ते ऐकून मान मागे टाकून हसायचा आणि लगेच पुढची धून सुरू करायचा. तिथे फीत संपायची. ती काय म्हणाली हे त्याला काही केल्या आठवत नव्हतं.

‘‘मी इतका कशाला हसलो?’’ तो रादोवानला विचारायचा. ‘‘बघ, दात दिसतायत माझे. मी फोटोतसुद्धा असा कधी हसलो नाही.’’

‘‘टोपी वाकडी झाली म्हणाली असेल.’’

‘‘टोपीला मी हसेन का? आणि शब्द जास्त आहेत. पहिलं माझं नाव आहे, ते कळतं. मग पाच-सहा शब्द. मध्ये एकदा ओठ मिटतात.’’

त्या सहा शब्दांनी म्हाताऱ्याला वेड लावलं. ओठ वाचायची सवय व्हावी म्हणून तो टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघायला लागला. रस्त्यापलीकडच्या बायका काय बोलतात ते खिडकीतून सांगायला लागला, आणि त्यातलं बरंचसं खरं निघायचं, म्हणून बायका त्याच्याकडे पाठ करून बोलायला लागल्या. पण आपोलेनाचे ते सहा शब्द काही केल्या पकडीत येईनात. चुलतभावाचा कॅमेरा तेवढ्यात हलला होता. आपण मरायच्या आत तिने शेवटी काय म्हटलं ते कानांनी ऐकायचं, एवढीच एक इच्छा आता त्याला उरली होती, आणि हे तो लपवतही नव्हता. रादोवानच्या भिंतीवरच्या कागदात पाचव्या तारखेखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: बाबा.

नोव्हेंबर आला आणि वकिलांनी घोडं अडवलं. त्याच कुळातलं आणखी एक पेटंट सापडलं होतं, ते दहा महिन्यांनी उशिरा मरणार होतं. सापडलं आहे तर थांबलेलं बरं. रादोवानने रेघ मारायला घेतलेली पट्टी खाली ठेवली आणि गावी फोन लावला.

‘‘गाडी लेट आहे, बाबा.’’

‘‘किती?’’

‘‘दहा महिने.’’

‘‘रद्द नाही ना? येते ना? मग झालं.’’

जानेवारीत वेंडेलिनला फ्लू झाला. तीन आठवडे अंथरुणावर होता, ख्वातालने सूप पाजलं. रादोवान दोनदा येऊन गेला. म्हातारा बरा झाला, हिंडायला-फिरायला लागला. फेब्रुवारीत त्याचं एक कार्ड आलं, टपालाने: फोनची लाइन बिघडली आहे, खरखर फार येते, इथून पुढे पत्र लिहीत जा, ख्वातालला तेवढंच बरं वाटेल. रादोवानला वाटलं, म्हातारपणी माणूस विक्षिप्त होतो ते असं. तो दर आठवड्याला पत्र लिहायला लागला. महिन्यातून एकदा जायचा तेव्हा बाप म्हणायचा, असा खिडकीकडे तोंड करून बस, उजेडात दिसतोस तरी. टेबलावर त्याने एक मोठा दिवाही आणून ठेवला होता, तो भर दिवसा लावायचा. रादोवानने तेही म्हातारपणाच्या खात्यात टाकलं. दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींत काय आहे आणि काय नाही हे तपासणारा माणूस, आपल्या बापाकडे नीट बघितलं असतं तर त्याला कळलं असतं. पण त्याच्या डोक्यात तारीख होती.

सप्टेंबर उजाडला. तारीख अमेरिकेत उलटावी म्हणून एक दिवस जास्त थांबायचं होतं, वकिलांनी खबरदारी म्हणून आणखी चार दिवस घातले. मग गुरुवारी सकाळी त्यांचं पत्र आलं: हरकत नाही. रादोवानने पट्टी धरून पाचव्या तारखेवर रेघ मारली. इतकी वर्षं बाजूला ठेवलेली फाईल काढली, जागी ठेवली, गाठोडं बांधलं, पाठवलं. अकरा मिनिटं लागली. ओतकारने घड्याळ लावलं होतं.

‘‘काय रे, एवढंच होतं?’’

‘‘एवढंच.’’

‘‘जा आता गावाकडे. मयताचं जेवण सोमवारी दे, आम्ही कुठे पळून जात नाही.’’

शनिवारी रादोवान सकाळच्या गाडीने पोलानकाला पोचला. हातात कोलाचचा खोका. बापाने पांढरा सदरा घातला होता, दाढी केली होती, गालावर एका ठिकाणी कापलं होतं. अंगणातल्या झाडाखाली अलुबुखारांचा सडा पडला होता आणि त्यावर गांधीलमाशा, म्हणून खिडक्या बंद होत्या. रादोवानने कॉम्प्युटर सुरू केला, नवं गाठोडं उतरवून घेतलं, यंत्र पुन्हा चालू केलं. बाप मागे उभा राहून बघत होता.

‘‘झालं, बाबा. आता नुसतं इथे दाबायचं.’’

‘‘तू बाहेर जा.’’

‘‘का?’’

‘‘पहिल्यांदा मी एकटा ऐकणार.’’

हे रादोवानला पटलं. दार ओढून तो अंगणात गेला आणि अलुबुखाराच्या झाडाखाली गांधीलमाशा चुकवत उभा राहिला. साडेचार मिनिटं त्याने घड्याळावर मोजली, वर आणखी दोन थांबला. मग दार उघडलं. बाप दारात उभा होता, डोळे ओले होते.

‘‘ऐकलं,’’ तो म्हणाला.

‘‘कसा आहे आवाज?’’

‘‘तसाच. खणखणीत.’’

‘‘आणि शेवटी? शेवटी काय म्हणाली?’’

वेंडेलिन कपाटाकडे बघत म्हणाला, ‘‘तू म्हणालास तेच. टोपी सरळ कर म्हणाली.’’

रादोवान हसला. त्याला सुटल्यासारखं झालं आणि तो खुर्चीत बसला. सतरा वर्षं खाल्लेल्या शिव्या त्या क्षणी त्याला वसूल वाटल्या. बाप कॉफी करतो म्हणून स्वयंपाकघरात गेला. आता आपली पाळी, असं म्हणून रादोवानने फीत लावली.

आवाज नव्हता.

पहिला विचार त्याच्या मनात आला तो हाच, की आपलंच काही चुकलं. त्याने फाईल तपासली, जागच्या जागी होती. आवाजाची पट्टी पूर्ण वर होती. आकडे धावत होते, यंत्राच्या मते तर ते मोठमोठ्याने गात होतं. मग तो वाकून टेबलाखाली शिरला. स्पीकरचा प्लग जमिनीवर पडला होता. त्याच्या जागी भिंतीत त्या मोठ्या दिव्याचा प्लग होता.

रादोवान टेबलाखाली तसाच बसून राहिला. खिडकीकडे तोंड करून बस. लाइन बिघडली आहे, खरखर येते. भर दिवसा लावलेला दिवा. एकेक गोष्ट आपल्या जागी येऊन बसली. त्याने दिव्याचा प्लग काढला, स्पीकरचा लावला आणि बाहेर येऊन फीत पहिल्यापासून सुरू केली.

आईचा आवाज आला. जरा चिरकलेला, वरच्या सुरात थोडा नाकातला, त्याच्या लहानपणापासूनचा. घरभर भरला. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं, बाप त्याच्याकडे पाठ करून उभा होता आणि कपात साखर घालत होता. एक चमचा, दोन चमचे. त्याने मान वळवली नाही.

मागच्या दाराने ख्वाताल स्लिव्होवित्सेची, म्हणजे अलुबुखाराच्या दारूची, बाटली घेऊन आत आला होता. तो आवाज ऐकून उंबऱ्यातच थबकला आणि त्याने टोपी काढली. मग वेंडेलिनच्या पाठीकडे बघितलं, मग रादोवानकडे.

‘‘जानेवारीपासून,’’ तो हळू म्हणाला. हळू बोलायची काही गरज नव्हती. ‘‘डावा कान पार गेला. उजव्याला फक्त ढोल ऐकू येतो, यंत्र लावूनसुद्धा. पोराला सांगशील तर बघ, म्हणाला. त्याची गाडी येतेय, तिला वाटेत थांबवू नको, म्हणाला.’’ त्याने बाटली टेबलावर ठेवली आणि तो आल्या वाटेने परत गेला.

गाणं संपत आलं होतं. आपोलेनाने शेवटची ओळ सोडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाजाचे लोक थांबले. सिंबालमागे वेंडेलिन काठ्या हातात धरून नुसता बसला होता, कुणाच्या तरी खुणेची वाट बघत. ती डावीकडे वळली आणि मोठ्याने, सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं म्हणाली:

‘‘वेंडेलिन, लाइन मोकळी आहे, सोड की गाडी.’’

जत्रा हसली. वेंडेलिन सगळ्यांपेक्षा जोरात हसला. फीत संपली.

रादोवान रडला. उगीच त्याला आडपडदा कशाला. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकली होती. दुकानातलं यंत्र, ख्वातालची पाच मिनिटं, ओतकारचा डोळा, सगळं एकदम आठवलं. आणि स्वतःचाच राग आला तो त्या पहिल्या दिवशी वाटलेल्या बरेपणाचा. मग त्याने बाहीने तोंड पुसलं, फीत परत परत चालत राहील अशी लावून ठेवली, कारण त्याला ती थांबवायचा धीर होईना, आणि तो स्वयंपाकघरात गेला.

त्याने बापाला खांद्याला धरून वळवलं आणि खिडकीच्या उजेडात आणून उभं केलं. मग सावकाश, ओठ पुरते उघडून, एकेक शब्द सुटा करत ते वाक्य म्हणाला.

वेंडेलिन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

‘‘परत म्हण.’’

रादोवानने परत म्हटलं. म्हाताऱ्याचे स्वतःचे ओठ आता बरोबर हलत होते. बोटांवर त्याने शब्द मोजले. ओठ मिटतो ती जागा सापडली तेव्हा त्याने मान डोलावली. आणि मग तो हसला, मान मागे टाकून, दात दाखवत, पडद्यावर हसत होता तसाच.

‘‘तरीच,’’ तो म्हणाला. ‘‘टोपीला मी हसलो नसतो.’’ डोळे पुसून झाल्यावर त्याने विचारलं, ‘‘प्लग नव्हता ना?’’

‘‘नव्हता.’’

‘‘मला शंका आली होती. टेबलावर हात ठेवला होता मी, ते थरथरलं नाही. म्हटलं, पोर इतक्या लांबून एवढं घेऊन आलंय, ऐकलं म्हणायला काय जातं.’’

‘‘बाबा, मी तेव्हाच दुकानातून यंत्र आणायला हवं होतं. तू नको म्हणालास तरी.’’

हे बोलताना रादोवानची मान खाली होती. बापाने त्याची हनुवटी धरून वर केली, ओठ दिसावेत म्हणून.

‘‘काय म्हणालास?’’

रादोवानने पुन्हा सांगितलं.

‘‘लाल होतं ना?’’

‘‘लाल होतं.’’

‘‘मग झालं तर,’’ म्हातारा म्हणाला आणि कोलाचच्या खोक्याची दोरी सोडायला लागला.

बाहेरच्या खोलीत गाणं पुन्हा संपलं, टाळ्या वाजल्या, आणि आपोलेनाने नवऱ्याला पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं की लाइन मोकळी आहे. वेंडेलिनने सुरीने गाठ कापली आणि दोन बशा काढल्या. तिचं ते वाक्य या वेळी फक्त रादोवानला ऐकू आलं.